टॉलस्टॉयचा पसारा

यास्नाया पोल्याना येथील टॉलस्टॉयच्या घरात काळ्या कातड्याचा एक जुना कोच आहे. लिओ टॉलस्टॉय ९ सप्टेंबर १८२८ रोजी (त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे २८ ऑगस्टला) या कोचावर जन्मला. पुढे त्याच्या तेरा अपत्यांपैकी बहुतेकांचा जन्मही याच कोचावर झाला. 'युद्ध आणि शांती' या कादंबरीत बाळंतपणाच्या रात्री नोकर कातड्याचा एक कोच उचलून आत नेतात. तो कोच टॉलस्टॉयने कल्पनेतून आणलेला नाही. मालमत्ता हे अन्यायाचे मूळ आहे असे ज्याने आयुष्याची अखेरची तीस वर्षे जगाला सांगितले, त्याने हा कोच मात्र कधी घराबाहेर काढला नाही.

आपल्याकडे टॉलस्टॉय येतो तो बहुधा गांधीजींचे बोट धरून. पांढरी दाढी, शेतकऱ्याचा सैल सदरा, कमरेला पट्टा. रेपिन या चित्रकाराने १८८७ साली त्याचे नांगर धरलेले चित्र काढले, ते पाहिले की वाटते, या काउंटाने एके दिवशी सर्वस्वावर पाणी सोडले आणि तो ऋषी झाला. प्रत्यक्षात तो जवळजवळ तीस वर्षे सोडू पाहत होता आणि त्याला सोडता येत नव्हते. त्याच्या चरित्रातला हा भाग मला त्याच्या कादंबऱ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. म्हणून या लेखात कादंबऱ्यांविषयी थोडे आणि घराविषयी अधिक आहे. 'अ‍ॅना कॅरेनिना'विषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

यास्नाया पोल्याना ही मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, तूला शहराजवळची जहागीर. ती त्याच्या आईच्या माहेरची. आई तो दोन वर्षांचा होण्याआधीच वारली. वडील १८३७ मध्ये गेले. आत्या-मावश्यांच्या हाताखाली ही पाच भावंडे वाढली. १८४७ मध्ये भावंडांत वाटणी झाली, तेव्हा यास्नाया पोल्याना टॉलस्टॉयच्या वाट्याला आली आणि तिच्याबरोबर तीनशेहून अधिक भूदास आले. जमिनीबरोबर माणसेही मालकीची असण्याचा तो काळ. नव्या मालकाला त्या वेळी एकोणीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

वस्तू सोडण्याचा पहिला अनुभव त्याला वैराग्यातून आलेला नाही, जुगारातून आला. तरुणपणी तो पत्त्यांत वाटेल तसा हरे. १८५४ मध्ये तो सैन्यात होता आणि पैशाची निकड होती. तेव्हा यास्नाया पोल्यानातले मधले मोठे लाकडी घर, ज्यात तो जन्मला ते घर, विकण्यात आले. घेणाऱ्या जमीनदाराने ते उतरवले, लाकूड न् लाकूड गाड्यांवर घालून नेले आणि आपल्या गावी पुन्हा उभे केले. आलेल्या पैशाचा मोठा भाग टॉलस्टॉयने पत्त्यांत घालवला. मागे राहिल्या त्या दोन बाजूंच्या दोन लहान इमारती आणि मध्ये मोकळी जागा. त्या दोहोंपैकी एकीत तो पुढे राहिला आणि तीच वाढवत वाढवत त्याचे घर झाले. मोकळ्या जागेत झाडे लावली गेली. तुमचा जन्म कोठे झाला असे कोणी विचारले, की म्हातारपणी तो तिथल्या एका उंच लार्च वृक्षाच्या शेंड्याकडे बोट दाखवी, असे सांगतात. जन्मखोली वरच्या मजल्यावर, त्या उंचीवर होती. घर गेले, कोच तेवढा राहिला. या विक्रीची बोच त्याला जन्मभर होती. आपण जे उधळतो ते आपल्याला सोडून जात नाही, याचा हा त्याला आलेला पहिला अनुभव म्हणावा लागेल.

१८६२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने मॉस्कोतील एका डॉक्टरच्या अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तिचे नाव सोफिया. ती यास्नाया पोल्यानात आली तेव्हा घर ब्रह्मचाऱ्याचे होते. तिने ते घराच्या रूपाला आणले. पहिली पंधरा वर्षे भरभराटीची. 'युद्ध आणि शांती' (१८६३–६९) आणि 'अ‍ॅना कॅरेनिना' (१८७३–७७) या काळातल्या. त्याचे अक्षर इतके वाईट आणि खाडाखोड इतकी, की छापखान्याला ती वाचता येत नसे. सोफिया रात्री मुले निजल्यावर बसून मजकूर स्वच्छ उतरवून काढी, सकाळी तो त्यावर पुन्हा खाडाखोड करी आणि रात्री ती पुन्हा उतरवी. पुस्तकांचा पैसा आला, त्यातून जमीन आली. १८७१ पासून त्याने दूर समारा प्रांतात जमीन घ्यायला सुरुवात केली. ती हजारो एकर झाली, तिथे घोड्यांची पैदास सुरू झाली. हिशेबी, मेहनती, पुढच्या पिढीची सोय पाहणारा जमीनदार म्हणून त्याचे हे दिवस पाहिले तर आपल्याकडच्या एखाद्या कर्त्या पाटलाची आठवण व्हावी.

पण तडा त्याआधीच गेलेला होता. १८६९ मध्ये पेन्झा प्रांतात एक जहागीर स्वस्तात मिळते असे कळल्यावरून तो ती पाहायला निघाला. वाटेत आर्झामास या गावी रात्री मुक्काम पडला. त्या परक्या खोलीत मध्यरात्री त्याला जाग आली आणि मरणाच्या भीतीने त्याला असे घेरले की झोप कशी ती आली नाही. कारण काही नव्हते. प्रकृती उत्तम, पैसा खिशात, बायकोमुले घरी खुशाल. जमीन स्वस्तात घ्यायला निघालेल्या माणसाला ही जमीन आपण कशासाठी घेत आहोत, हा प्रश्न रात्री दोन वाजता पडावा हे फार बोलके आहे. पुढे त्याने या रात्रीवर एक कथा लिहायला घेतली, ती अपुरी राहिली.

दहा वर्षांनी हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला. १८७९ पासून लिहिलेल्या 'कबुलीजबाबा'त त्याने तो मांडला आहे. जमीन आहे, घोडे आहेत, कीर्ती आहे. पुढे काय, याला उत्तर नाही. १८८२ मध्ये मॉस्कोत खानेसुमारी झाली. टॉलस्टॉयने त्या कामासाठी मुद्दाम गरिबांची वस्ती मागून घेतली. भाड्याच्या खोल्यांत, तळघरांत, फळकुटांवर निजणारी माणसे त्याने मोजली. तेथून तो घरी आला तो गालिचा अंथरलेल्या जिन्यावरून, आणि हातमोजे घातलेल्या नोकरांनी वाढलेल्या जेवणाला बसला. ते जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. योगायोग असा, की त्याच वर्षी मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबाने मॉस्कोच्या खामोव्‍निकी भागात घर विकत घेतले. म्हणजे पसारा नकोसा झाला त्याच वर्षी एका घराची दोन घरे झाली.

आता त्याने स्वतःपुरते सोडायला आरंभ केला. मांस सोडले, दारू सोडली, पुढे तंबाखू सोडली. आपली खोली आपण झाडायची, पाणी आपण भरायचे, लाकडे आपण फोडायची. एका चांभाराकडे तो बूट शिवायला शिकला. ते बूट फार चांगले होत असे कोणी म्हणत नाही. त्याच्या जावयाने, सुखोतिनने, सासऱ्याने शिवलेला जोड पायात न घालता कपाटात ठेवला, टॉलस्टॉयच्या समग्र साहित्याच्या बारा खंडांच्या ओळीत, आणि त्यावर तेराव्या खंडाचा आकडा लावला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. गंमत म्हणून ती ठीक. पण वस्तूंपासून सुटण्यासाठी माणूस जे करतो त्याचीही वस्तू होते आणि ती कपाटात जाऊन बसते, हे या गोष्टीत आहेच.

सोफियाच्या बाजूने हे सर्व कसे दिसत असेल? मांस सोडणाऱ्यासाठी निराळा स्वयंपाक, खाणाऱ्यांसाठी निराळा. त्याचा शेतकरी सदरा शिवायची तीच. मुलांच्या शिकवण्या, दाई, नोकर, आजारपणे, जमिनीची वसुली, आणि त्याला भेटायला येणाऱ्या शिष्यांची ऊठबस. तेरा मुले तिने जन्माला घातली, त्यांतली पाच लहानपणीच पुरली. नवरा साधेपणावर लिहीत होता तेव्हा त्याचा साधेपणा चालवण्यासाठी एक मोठे घर राबत होते. हे तिने रोजनिशीत पुन्हा पुन्हा लिहिले आहे. टॉलस्टॉयच्या अनुयायांनी तिला कैकेयी ठरवले. त्यांची ती पुस्तके आज वाचताना तिच्याविषयीच अधिक सहानुभूती वाटते.

मे १८८३ मध्ये टॉलस्टॉयने तिच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले. जहागिरीचा सर्व कारभार आता तिने पाहायचा. पुढे १८८१ पूर्वीच्या पुस्तकांच्या प्रकाशनाचेही काम तिच्याकडे आले. ती पीटर्सबर्गला जाऊन डोस्टोव्हस्कीच्या विधवेला भेटली, तिने नवऱ्याची पुस्तके कशी छापली व विकली हे विचारून घेतले आणि स्वतः प्रकाशक झाली. टॉलस्टॉयला वाटले, आपण मोकळे झालो. सोफियाचे म्हणणे असे की ज्याला तू पाप समजतोस तेच तू माझ्या गळ्यात बांधतो आहेस. याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्या मते पुढच्या सत्तावीस वर्षांतही त्याला ते सापडले नाही.

येथे आपल्याला देहूची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तुकोबांच्या घरी वडिलार्जित सावकारी होती. परंपरा सांगते की कुळांचे कर्जखत असलेले कागद इंद्रायणीत सोडायला ते निघाले, तेव्हा त्यांनी आधी अर्धे कागद धाकटा भाऊ कान्होबा याला वेगळे काढून दिले आणि आपल्या वाट्याचेच बुडवले. दुसऱ्याचे ते बुडवले नाही आणि आपले ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले नाही. टॉलस्टॉयला ही सोय नव्हती असे नाही. पण त्याच्यासमोर भाऊ नव्हता, बायको आणि आठ मुले होती, आणि सगळ्यांत धाकटे अजून पाळण्यात होते. घरातली कोणती वस्तू आपली आणि कोणती दुसऱ्याची हे कुटुंबवत्सल माणसाने कसे ठरवायचे? १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून निघाले, तेव्हा तेथल्या लोकांनी दिलेले दागिने त्यांनी सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केले. त्यांत कस्तुरबांना मिळालेला सोन्याचा हार होता, आणि कस्तुरबांनी त्याला कडवा विरोध केला होता. गांधीजींनी हे सारे आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे. तिथे नवऱ्याचे चालले. यास्नाया पोल्यानात दोघांचेही चालले नाही.

जून १८८४ मध्ये भांडण होऊन टॉलस्टॉय पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडला. सोफियाला दिवस भरले होते. अर्ध्या वाटेवर त्याला ते आठवले आणि तो परत फिरला. त्याच रात्री तिला कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली, ती अलेक्झांड्रा, घरातली साशा. ही मुलगी पुढे या कथेत येणार आहे.

१८९१ हे वर्ष निर्णायक ठरले. १८८१ नंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या सर्व लेखनावरचा हक्क आपण सोडत आहोत, ते कोणीही छापावे, असे त्याने वर्तमानपत्रांना कळवायचे ठरवले. जुलैमध्ये यावरून मोठी कडाक्याची बाचाबाची झाली. सोफिया घरातून धावत सुटली ती रेल्वे स्टेशनच्या दिशेने. अ‍ॅना कॅरेनिनाचा शेवट तिने स्वतःच्या हाताने कितीदा उतरवून काढलेला होता! वाटेत बहिणीचा नवरा भेटला, त्याने तिला समजावून परत आणले. सप्टेंबरमध्ये पत्र प्रसिद्ध झाले.

जमिनीचे पत्र निराळे. आपण जणू मेलो आहोत असे समजून मुलांनी वाटून घ्यावे, असे टॉलस्टॉयने सांगितले. वाटणी १८९२ मध्ये पक्की झाली. बायको आणि नऊ मुले, असे दहा वाटेकरी. समारा एकाला, दुसरे गाव दुसऱ्याला. यास्नाया पोल्याना सर्वांत धाकट्या वानिच्काच्या आणि त्याच्या आईच्या वाट्याला. माशा नावाची मुलगी बापाच्या विचारांची. तिने आपला हिस्सा नाकारला. बाकीच्यांना राग आला, कारण एकाने नाकारले की घेणारे उघडे पडतात. सोफियाने काही न बोलता माशाचा हिस्सा बाजूला ठेवून दिला. पाच वर्षांनी माशाने लग्न केले, नवऱ्याची परिस्थिती बेताची होती, तेव्हा तिने येऊन तो मागून घेतला. आईने दिला. या प्रसंगात कोणालाही हसावे असे मला वाटत नाही. विशीतल्या मुलीने केलेला त्याग खोटा नव्हता आणि तिशीकडे झुकलेल्या बाईची गरजही खोटी नव्हती.

वानिच्का हा आईबापांना जोडणारा शेवटचा धागा. मोठी मुले बापाला टाळत किंवा आईला. हा दोघांचाही लाडका. एकदा आईने त्याला जमीन दाखवून हे सगळे तुझे आहे असे सांगितले, तेव्हा त्याने तसे म्हणू नकोस, सगळे सगळ्यांचे आहे, अशा अर्थाचे काही उत्तर दिले. फेब्रुवारी १८९५ मध्ये तो तापाने गेला. सात वर्षेही पुरी झाली नव्हती. जाण्याच्या काही दिवस आधी त्याने आपल्या लहानसहान वस्तू गोळा करून त्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि ज्याची त्याला वाटून टाकल्या. एक माशाला, एक स्वयंपाक्याला, अशा. आजार अजून आलेला नव्हता. आईने हे सर्व नंतर लिहून ठेवले आहे. बापाने हजारो पाने लिहून जे साधले नाही ते या पोराने चिठ्ठ्यांवर करून दाखवले असे म्हणण्याचा मोह होतो; पण लहान मुलाच्या खेळावर इतके ओझे घालू नये. सोफिया त्यातून पुरती सावरली नाही. पियानो आणि संगीत यांत तिने मन गुंतवले. टॉलस्टॉयला तेही खपले नाही.

या काळात त्याच्या हातून जी मोठी कामे झाली ती थोडक्यात सांगतो. १८९१ च्या दुष्काळात तो मुलींसह रियाझान प्रांतात जाऊन राहिला आणि दोनशेहून अधिक अन्नछत्रे उभी केली. सोफियाने वर्तमानपत्रात केलेल्या आवाहनावर देणग्यांचा पूर आला. हिशेब तीच ठेवी. दोघे एकाच कामात मनापासून एकत्र होते असा हा दुर्मीळ हिवाळा. पुढे दुखोबोर नावाच्या, शस्त्र न धरणाऱ्या पंथाच्या सात हजारांहून अधिक लोकांना कॅनडात नेण्यासाठी पैसा हवा होता, म्हणून त्याने आपला नियम मोडून 'पुनरुत्थान' (१८९९) या कादंबरीचा मोबदला घेतला आणि तो त्या कामाला दिला. १९०१ मध्ये चर्चने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा एका काचकारखान्यातल्या कामगारांनी त्याला हिरव्या काचेचा एक जड ठोकळा भेट पाठवला. तो त्याने मेजावर ठेवला. १९०८ मध्ये एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र पाठवले, तेही ठेवले. पुस्तके तर जगभरातून येत. घरातल्या पुस्तकांची संख्या बावीस हजारांवर गेली. सोफिया त्यांच्या नोंदी करी. त्याची हस्तलिखिते तिने १८८७ पासून मॉस्कोच्या संग्रहालयात नेऊन ठेवायला सुरुवात केली होती. जो कागद तो फेकून देई तो ती उचलून ठेवी. आज टॉलस्टॉयवर जे संशोधन चालते ते या उचलून ठेवलेल्या कागदांवर.

जमीन गेली, पैसा गेला, तरी एक मालमत्ता उरलीच होती, आणि ती सगळ्यांत मोठी: त्याचे शब्द. चेर्टकोव्ह नावाचा माजी लष्करी अधिकारी १८८३ पासून त्याचा परमशिष्य झाला होता. गुरूचे सर्व लेखन, रोजनिशीसुद्धा, जगाच्या मालकीचे व्हावे आणि त्याची व्यवस्था आपण पाहावी, असा त्याचा आग्रह. सोफियाला वाटे, अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराची रोजनिशी परक्याच्या कपाटात का असावी? १९१० च्या उन्हाळ्यात चेर्टकोव्हकडच्या वह्या परत आणवल्या गेल्या आणि कोणाच्याच हाती नकोत म्हणून तूला येथील बँकेत ठेवल्या. जगाला अपरिग्रह शिकवणाऱ्याच्या वह्या बँकेच्या तिजोरीत!

कायद्याने आणखी एक पेच घातला. हक्क सोडला असे वर्तमानपत्रात छापून तो सुटत नाही. मेल्यावर तो वारसांकडे जातोच. सर्वांना द्यायचे असेल तर आधी कोणा एकाच्या नावे करावे लागते. म्हणून २२ जुलै १९१० रोजी जंगलात एका झाडाच्या बुंध्यावर बसून, घरच्यांपासून चोरून, टॉलस्टॉयने मृत्युपत्रावर सही केली. सर्व लेखन साशाच्या नावे, व्यवस्था चेर्टकोव्हची. ज्याने न्यायालयाला आणि कागदपत्रांना आयुष्यभर नावे ठेवली त्याला अखेर स्टॅम्पाच्या भाषेत सोडावे लागले. आणि आता घरात काहीतरी लपवलेले आहे हे सोफियाला जाणवू लागले. ती खण उघडी, कागद चाळी, दारांशी कान लावी. त्याने स्वतःपुरती एक निराळी लहान वही सुरू केली आणि ती बुटात लपवू लागला. तीही तिला सापडली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, सहासष्ट वर्षांची बायको, आणि मध्ये एक वही.

नेमक्या याच महिन्यांत जोहान्सबर्गजवळ गांधीजींचे सहकारी कॅलनबाख यांच्या अकराशे एकर जमिनीवर 'टॉलस्टॉय फार्म' सुरू झाला होता. सत्याग्रहींची कुटुंबे तेथे हाताने काम करून राहत, चपला शिवायला शिकत. टॉलस्टॉयने सप्टेंबरमध्ये गांधीजींना शेवटचे मोठे पत्र लिहिले. त्याला स्वतःच्या घरात जे जमले नव्हते ते समुद्रापलीकडे त्याच्या नावाने चालू होते.

२८ ऑक्टोबर १९१० (जुने पंचांग) च्या मध्यरात्रीनंतर त्याला जाग आली ती अभ्यासिकेतल्या पावलांनी आणि दाराखालच्या उजेडाने. सोफिया कागद चाळीत होती. ती गेल्यावर तो उठला, डॉ. माकोवित्स्की आणि साशा यांना हळूच जागे केले, आणि सामान बांधायला सांगितले. अगदी लागेल तेवढेच. घोडे जुंपायला सांगण्यासाठी तो अंधारात स्वतः तबेल्याकडे निघाला, झाडांत अडखळून पडला, डोक्यावरची टोपी हरवली, ती सापडली नाही. उजाडण्यापूर्वी गाडी निघाली. पत्नीला त्याने चिठ्ठी ठेवली होती. ती वाचून सोफियाने तळ्यात उडी घेतली. साशा आणि इतरांनी तिला बाहेर काढले.

सर्व सोडून निघालेल्या या माणसाने वाटेतून साशाला पत्र लिहिले. त्यात आपण अर्धवट वाचून ठेवलेली पुस्तके पाठव, असे त्याने कळवले: मॉन्तेन, मोपासाँची कादंबरी, 'करामाझोव्ह बंधू'चा दुसरा भाग. शिवाय पेनात शाई भरण्याचे ते साधनही. हे पत्र वाचताना टॉलस्टॉय मला पहिल्यांदा अगदी जवळचा वाटला.

बहीण मारिया शामोर्दिनो येथील मठात होती. तिला भेटून तो पुढे दक्षिणेकडे निघाला. आगगाडीत ताप भरला. आस्तापोवो या आडगावच्या स्टेशनात उतरावे लागले आणि स्टेशनमास्तरने आपल्या घरातली खोली दिली. जगाचे बातमीदार तेथे गोळा झाले. सोफिया खास गाडी करून आली, पण तिला आत जाऊ दिले नाही. ती खिडकीच्या काचेला तोंड लावून पाहत उभी राहिली. त्या क्षणाचे चित्रीकरणही झालेले आहे. त्याची शुद्ध हरपल्यावर तिला आत सोडले. ७ नोव्हेंबरच्या (नव्या पंचांगाप्रमाणे २०) पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी तो गेला. सोडून निघाल्यापासून दहा दिवस.

पुढे मृत्युपत्राप्रमाणे झाले. साशाने अप्रकाशित लेखनाच्या प्रकाशनातून आलेल्या पैशाने आई व भावांकडून यास्नाया पोल्यानाची बरीचशी जमीन विकत घेतली आणि १९१३ मध्ये ती शेतकऱ्यांत वाटली. म्हणजे शेवटी शब्द विकूनच जमीन सोडता आली. घर आणि बाग सोफियाकडे राहिली. ती त्या घरातच राहिली. त्याच्या खोल्या तिने होत्या तशा ठेवल्या. मेज, मेणबत्त्या, कोच. पाहायला येणाऱ्यांना ती स्वतः फिरवून दाखवी आणि कोणती वस्तू कोणी, केव्हा दिली ते सांगे. १९१९ मध्ये ती वारली. जवळच्या कोचाकी गावच्या चर्चच्या आवारात, टॉलस्टॉयच्या आईवडिलांच्या आणि आपल्या लहान मुलांच्या शेजारी तिला पुरले.

१९२१ मध्ये घराचे संग्रहालय झाले आणि साशाच त्याची पहिली व्यवस्थापक. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य तूलापर्यंत आले. त्याआधीच घरातल्या वस्तू शंभराहून अधिक पेट्यांत भरून पूर्वेकडे पाठवल्या गेल्या होत्या. त्या अखेर सायबेरियात तोम्स्क येथे जाऊन पोहोचल्या. जर्मन दीड महिना यास्नाया पोल्यानात होते. जाताना त्यांनी घराला आग लावली, ती लोकांनी विझवली. युद्ध संपता संपता पेट्या परत आल्या आणि एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली गेली. जंगलात ओढ्याच्या काठी टॉलस्टॉयची कबर आहे. लहानपणी त्याच्या भावाने सर्वांना सुखी करणारी हिरवी काठी जिथे पुरली आहे असे सांगितले होते, ती जागा त्याने स्वतः निवडलेली. तिच्यावर क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही. मातीचा लांबट उंचवटा आणि वर गवत एवढेच. तिथून पेटीत भरून नेण्यासारखे काही नव्हते.